एका कमानीचा कॅमेरा की दोन कमानींमधला हिशेब?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची कमान दिसली की पुढच्या गाड्यांचे लाल दिवे ओळीने पेटतात. कमान मागे पडली की पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर. एका जागी वेग मोजणारा कॅमेरा साधतो ती एवढीच, शेदोनशे मीटरची सभ्यता. वर मागच्याने अंतर ठेवलं नसेल तर तो अचानक ब्रेकच महागात पडायचा. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड आहे. पण रोज ये-जा करणाऱ्याला जागा पाठ असते, सापडतो तो नवखा.

सरासरी वेग काढणाऱ्या यंत्रणेत दोन टोकांचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि मधला वेळ मोजतात. मर्यादा 100 ची असेल तर 10 किलोमीटरला 6 मिनिटं लागायलाच हवीत. 5 मिनिटांत पोहोचलात म्हणजे सरासरी 120. कमानीखाली ब्रेक दाबून सुटका नाही. (मध्ये वडापावला थांबलात तर मात्र सगळं माफ!)

तिजोरी भरायची तर पहिला पुरे, माणसं वाचवायची तर मी दुसराच निवडेन. बोरघाटात मात्र दोन्ही तोकडे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा ट्रक ब्रेक तापून निकामी होईपर्यंत वेगमर्यादेतच असू शकतो.