एम्‌एल्‌एक्सटेंड: एकत्र खपणाऱ्या वस्तू मोजताना

बिलांमधून कोणत्या वस्तू एकत्र जातात हे मोजायला पायथॉनमधली ही लायब्ररी घ्यावीच, पण तिचं 'एप्रिओरी' (वारंवार एकत्र येणाऱ्या वस्तूंचे संच शोधणारं फंक्शन) मोठ्या डेटावर चालवू नका. 10,000 वस्तूंच्या जोड्याच 4,99,95,000 होतात. सपोर्ट, म्हणजे संच किमान किती प्रमाणात बिलांमध्ये हवा ती मर्यादा, कमी ठेवला की तपासायचे उमेदवार संच फुगतात आणि मेमरी संपते. 'लो-मेमरी' हा पर्याय चालू केला तर मेमरी वाचते, पण वेग तीन ते सहा पटींनी पडतो, असं तिच्या दस्तऐवजातच म्हटलंय.

त्याऐवजी याच लायब्ररीतलं 'एफपी-ग्रोथ' वापरा. इनपुट आणि निकाल तेच, फक्त फंक्शनचं नाव बदलायचं. ते उमेदवार तयारच करत नाही. बिलं झाडासारख्या फांद्यांच्या रचनेत दाबून बसवतं.

खरा फरक मात्र इनपुटमध्ये पडतो. एक लाख बिलं गुणिले 10,000 कॉलम (दर वस्तूला एक) म्हणजे बूलियनमध्येही (नुसतं हो-नाही) जवळपास 1 जीबी, आणि त्यात बहुतेक सगळं 'फॉल्स'. म्हणून बिलांचा हा तक्ता बनवणाऱ्या एन्कोडरला स्पार्स (फक्त 'ट्रू' साठवणारं) आउटपुट मागा. इथे एक खोच आहे: कॉलमची नावं आकडे असतील आणि शून्यापासून सुरू होत नसतील तर एरर येते. आधी स्ट्रिंग करून घ्या. सपोर्टचा डीफॉल्ट 0.5 आहे, किराणा बिलांसाठी तो फारच जास्त. रिकामा निकाल आला तर आधी तिथे बघा.

फक्त जोड्याच हव्या असतील तर ही लायब्ररीही नको. सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीचं स्पार्स मॅट्रिक्स घ्या, आकडे 'इंट32' प्रकारचे करा, ट्रान्सपोजने (ओळी-कॉलम अदलाबदल केलेल्या त्याच मॅट्रिक्सने) गुणा. बूलियन ठेवलं तर मोजणीऐवजी नुसतं हो-नाही मिळतं. 'इंट8' ठेवलं तर मोजणी 127 नंतर उलटून ऋण होते.