मेपलची बाटली घ्यावी की काकवीत मेथी घालावी?

भाच्याने टोरांटोहून येताना मेपल सिरपची, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाची, पाव लिटरची बाटली आणली, आणि जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात ती दीड महिना नुसती शोभेला उभी होती. आमच्याकडे पॅनकेक कुणी करत नाही आणि धिरड्याबरोबर ठेचाच लागतो. शेवटी ती उघडली कॉफीसाठी. झाकण फिरवलं, वास सुटला, आणि अमळनेरकडच्या माझ्या सासूबाई पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या, "हाऊ ते बाळंतीनना खोलीना वास शे!"

आम्ही हसलो. पण नंतर शोधलं तर सासूबाईंचं नाक बरोबर निघालं. मेथीदाण्याचा जो खास वास आहे तो मुख्यतः सोटोलोन नावाच्या घटकाचा, आणि तोच घटक मेपलच्या वासातही असतो. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला तो गोडसर वास येतो, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून हवेत मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये महापालिकेने उलगडा केला: शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया होत होती, वाऱ्याबरोबर तो वास शहरात येत होता. नकली मेपल फ्लेवरमध्येही मेथीचा अर्क वापरतात.

तेव्हापासून दोन हिवाळे मी दाणे किंवा अक्रोड घातलेली मेपलच्या वासाची कॉफी तीन तऱ्हांनी करून पाहिली: खऱ्या मेपलची, कॅफेतल्यासारख्या फ्लेवर सिरपची आणि काकवी-मेथीची. बाटली मागवावी की नाही, असं बरेच जण विचारतात. त्यांना मी उलट एकच प्रश्न विचारते: कॉफी काळी पिता की दुधाची?

काळी पिणार असाल तर

मग खरं मेपल घ्या आणि काकवीच्या वाटेला जाऊ नका. साखर-मेपल या झाडाचा रस पातळ, पाण्यासारखाच असतो. हिवाळा सरताना रात्री बर्फ पडण्याइतकी थंडी आणि दिवसा थोडी ऊब असेल तेव्हाच तो वाहतो. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप होतं. जगातलं सुमारे ७० टक्के उत्पादन कॅनडाच्या एकट्या क्युबेक प्रांतात होतं. इतकं आटवून, इतक्या लांबून आलेली वस्तू महाग असणारच. तिच्यात लाकडाचा, करपवलेल्या साखरेचा, किंचित व्हॅनिलासारखा असे बारीक वास असतात, आणि काळ्या कॉफीत ते वेगळे ओळखू येतात.

बाटलीवर रंगाची प्रत लिहिलेली असते: गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क. गोल्डन दिसायला सुंदर, पण कॉफीत तिचा पत्ता लागत नाही. कॉफीसाठी डार्कच घ्या. घटकांच्या यादीत 'मेपल सिरप' एवढंच हवं. 'पॅनकेक सिरप' किंवा 'मेपल फ्लेवर्ड' लिहिलं असेल तर ते बहुधा मक्याचं सिरप आणि वास, बस. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवली तेव्हा हेच झालं. चित्रात पान मोठं आणि अक्षरं बारीक.

मोका पॉटमध्ये, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या किटलीत, १५ ग्रॅम मध्यम भाजलेली पूड, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नसलेली. कपात आधी एक मोठा चमचा मेपल, त्यावर गरम कॉफी, चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ. मोका पॉट नसेल तर आपला साउथ इंडियन फिल्टर चालतो, फक्त पूड चिकोरीविना मागून घ्या. चिकोरीचा स्वतःचाच करपट गोडवा असतो, तो मेपलला दाबून टाकतो. इन्स्टंट कॉफीत खरं मेपल घालणं म्हणजे पैठणी नेसून शेतात निंदायला जाणं.

हिशेबही करून ठेवा. कपाला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली धरलं, तर पाव लिटरच्या बाटलीत सोळा कप निघतात. दोघांच्या घरात आठ दिवसांत बाटली उताणी. उघडल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवायची, नाहीतर वर बुरशी धरते, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा ओट्यावर ठेवायचा विचारही नको.

दुधाची पिणार असाल तर

इथे माझं मत स्पष्ट आहे: मेपलचे पैसे बऱ्यापैकी वाया जातात. म्हशीच्या दुधाची साय आणि कॉफीचा कडवटपणा यांच्यामध्ये ते बारीक वास अडकतात. एकदा दोन कप शेजारी ठेवले, एकात मेपल, एकात मेथीची काकवी. घरातल्या चौघांपैकी तिघांना फरक कळलाच नाही. चौथे आमचे हे, त्यांनी काकवीच्या कपाला "हे परदेशी" म्हटलं.

काकवी म्हणजे उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या आधीची दाट पायरी. मिळाली तर उत्तम. नसेल तर २०० ग्रॅम काळसर, बिनमसाल्याचा गूळ १०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवून गाळून घ्यायचा. पांढुरका, 'साफ' केलेला गूळ नको, त्यात ती खोल चव नसते. आता मेथी. पाव चमचा दाणे कोरड्या तव्यावर जेमतेम रंग बदलेपर्यंत भाजायचे, खलबत्त्यात दोन ठोके द्यायचे आणि मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून गॅस बंद केलेल्या पाकात वीस मिनिटं सोडायची. मग काढायची. पहिल्या वेळी मी शहाणपणा केला, मेथी बारीक दळून पाकातच ढवळली. वास फर्स्टक्लास आला आणि चव लोणच्याच्या मसाल्याची. कडवटपणा दाण्यात असतो, म्हणून दाणा आत राहू द्यायचा नाही, फक्त त्याचा वास पाकाला लावून घ्यायचा. भाजतानाही लाल होऊ देऊ नका, तिथेच अर्धा खेळ बिघडतो.

दुसरी अडचण दुधाची. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. आमच्या घरी हे दोनदा झालं, दुसऱ्यांदा पाहुण्यांसमोर. दूध उकळून खाली उतरवायचं, दोन मिनिटं बसू द्यायचं, आधी कॉफी मिसळायची आणि काकवी सगळ्यात शेवटी. मेपलला हा त्रास सहसा होत नाही, एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहून ठेवते. या कपाला ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी अशी पूडही छान जाते, कारण काकवीचा आणि तिचा स्वभाव एकच.

फ्लेवर सिरपचं काय? साखरेचं पाणी आणि वास. सोयीचं आहे, थंड दुधातही लगेच विरघळतं, कॉलेजच्या मुलांना आवडतं. मला तिसऱ्या कपाला कंटाळा आला.

आणि दाणे?

खरा घोळ इथे आहे, आणि लोक बाटलीच्या नादात इकडे लक्षच देत नाहीत. कॉफी भाजताना आणि दाणे भाजताना जे खमंग वास तयार होतात, त्यांतले पायराझिन नावाचे कितीतरी घटक दोन्हीकडे सारखेच. म्हणून ही जोडी जमते. पण दाणे नीट भाजलेले हवेत, आणि या बाबतीत खान्देशाला कुणी शिकवायची गरज नाही. ज्या घरात भाजीला दाण्याचं कूट लागतं तिथे लोखंडी तव्यावर शेंगदाण्याचा रंग ओळखणारा हात असतोच.

शेंगदाणा स्वस्त आणि जोरकस. वीस ग्रॅम मंद आचेवर भाजून, सालं काढून, थोड्या पाण्यात गंधासारखे वाटायचे, १५० मिली गरम दुधात दहा मिनिटं ठेवायचे आणि मलमलमधून पिळून घ्यायचे. कूट थेट कपात टाकू नका, तळाशी उपासाची आमटी साचते. शेंगदाणा मात्र दांडगा आहे. खऱ्या मेपलबरोबर लावला तर मेपल दिसत नाही. काकवीबरोबर हीच गोष्ट गुण ठरते, गूळ आणि दाणा मिळून कप चिक्कीसारखा लागतो. आमच्याकडे तिला आता चिक्की कॉफीच म्हणतात, मेपलचं नाव कुणी घेत नाही.

अक्रोड मेपलचा जुना सोबती, पण त्याची साल तुरट. भाजून फडक्यात चोळली तर बरीच निघते. न काढता घातली तर काळ्या कॉफीचा कडवटपणा दुप्पट होतो. बदाम सौम्य आणि काजूने दूध दाट होतं, पण या कपात दोघांचाही वास लागत नाही.

माझी आवडती मात्र चारोळी. नंदुरबारकडून, सातपुड्याच्या जंगलातून येणारी, आपण बासुंदीवर चार दाणे टाकून विसरतो ती. कोरड्या कढईत एक मिनिटभर भाजली, खरं तर अर्ध्या मिनिटानंतर डोळा काढायचा नाही, की तिला लोण्यासारखा, नाजूक वास सुटतो. शेंगदाण्यासारखी ती मेपलला ढकलत नाही. ग्लासभर दुधाला दोन छोटे चमचे पुरतात. महाग आहे, आणि तिच्यात तेल भरपूर असल्याने लवकर खवट होते. विकत घेताना दोन दाणे चावून बघा, जुनी असेल तर जिभेवर लगेच कळतं. काळ्या कॉफीत घालायची तर जाडसर भरडून पुडीबरोबरच फिल्टरमध्ये टाका. मी पुडीच्या पाचव्या हिश्शाइतकी घेते, जास्त झाली की तेलाने फिल्टर तुंबतो.

बदामाचं किंवा दाण्याचं बिनजनावराचं दूध वापरणाऱ्यांना एक सूचना: गरम कॉफीत ते पटकन चोथा-पाणी होतं. दूध थोडं गरम करून आधी कपात घ्या, कॉफी वरून हळू ओता. आणि पाहुणे असतील तर दाणे चालतात का, हे आधी विचारा, कपात ते दिसत नाहीत.

मधुमेह असलेल्यांनी मेपल 'नैसर्गिक' म्हणून हात सैल सोडू नये. त्यात दोन तृतीयांश साखरच आहे, बहुतेक सुक्रोज. काकवीही काही वेगळी नाही.

मग कुणी काय घ्यावं? रोज एकच काळा कप, शांतपणे, फिल्टर किंवा मोका पॉट घरात आहे: डार्क मेपल, चारोळी, आणि पूड चांगल्यातली. घरात पाच माणसं, सगळी दुधाची, इन्स्टंटवाली: काकवी, मेथी, शेंगदाणा. उन्हाळ्यात बर्फ घालून पिणार असाल तर पुन्हा काकवीच, ती थंडगार दुधातही विरघळते आणि तिथे दूध फाटायचं भयही नाही. कुणी परदेशातून येणार असेल आणि "काय आणू?" विचारलं, तर मात्र मेपल सांगायला लाजू नका.

पुरचुंडीतली मेथी फेकून देऊ नका. सासूबाई ती सुकवतात आणि वांग्याच्या भाजीच्या फोडणीत घालतात. भाजीला गुळाचा हलका वास येतो. पहिल्यांदा वाढली तेव्हा यांनी विचारलं होतं, "आज भाजीत कॉफी घातली का?"