बरणीचं झाकण: रबरी मॅट की फळीखालचा ओपनर?

संधिवाताच्या हातांसाठी दोन्हींतलं काय घ्यावं, अशी विचारणा आली.

रबरी मॅट स्वस्त, धुता येते, कुठेही नेता येते. पण ती फक्त घसरणं थांबवते. पिळायचा जोर बोटांनाच लावावा लागतो, आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्यांचा खरा त्रास तोच.

फळीखाली स्क्रूने बसवलेला व्ही आकाराचा ओपनर झाकण स्वतः पकडून ठेवतो. बरणी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. जोर हाता-खांद्याचा लागतो, बोटांची चिमूट नाही. बसवायला मात्र कुणाची तरी मदत लागते. टिकण्यातही तोच सरस. रबर वापरून गुळगुळीत होतं.

पकड बरी असेल, प्रवास जास्त असेल तर मॅट पुरे. अंगठा दुखत असेल किंवा घरी एकटे राहत असाल, तर ओपनरच बसवून घ्या.