डॅशबोर्डच्या घड्याळाचा रंग बदलायचाय? फिल्म, बल्ब की सोल्डरिंग?

ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन 'घड्याळ निळं करून द्या' म्हणण्याआधी आकडे नीट बघून घ्या. फिकट पाटीवर काळे आकडे दिसत असतील तर तो एलसीडी, म्हणजे उजेड मागच्या दिव्याचा. काळ्या काचेत निळसर हिरवे आकडे स्वतःच उजळत असतील तर बहुधा व्हीएफडी नावाचा डिस्प्ले. नव्या गाडीत घड्याळ टचस्क्रीनवरच असेल, तर आधी सेटिंग्जमध्ये थीम शोधा. पैसे खर्च करायची वेळच येणार नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय रंगीत फिल्मचा. पण फिल्म उजेडातला काही भाग अडवते, नवा रंग तयार करत नाही. त्यामुळे व्हीएफडीच्या निळसर हिरव्या उजेडातून निळा किंवा हिरवा रंग बरा निघतो. लाल फिल्म लावलीत तर आकडे जेमतेम दिसतील, आणि दुपारच्या उन्हात तेवढेही नाहीत. तरी व्हीएफडीवाल्यांना दुसरा सोपा मार्ग नाही, कारण तिथे रंग काचेच्या आतल्या फॉस्फरचा, म्हणजे उजळणाऱ्या लेपाचा असतो.

जुन्या गाडीतला एलसीडी असेल तर मात्र मजा आहे. मागे छोटा बल्ब आणि त्यावर बहुतेक वेळा हिरवी रबरी टोपी असते. कधी कधी नुसती टोपी बदलली तरी काम होतं. एलईडी बल्ब टाकणार असाल तर तो उलटसुलट चालत नाही. पेटला नाही तर फिरवून बसवा. त्याचा झोत एकाच दिशेला पडतो, म्हणून मधले आकडे लखलखीत आणि कडेचे मंद दिसतात. मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवला की उजेड पसरतो. डिमर (डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणारं बटण) असलेल्या गाडीत एलईडी जुन्या बल्बसारखा हळूहळू मंद होईलच असं नाही, हेही दुकानात आधी विचारा.

बोर्डावर एसएमडी एलईडी, म्हणजे थेट सर्किटवर जोडलेले बारीक दिवे असतील तर सोल्डरिंगला (डाग देण्याला) पर्याय नाही. लाल आणि अंबर (पिवळसर नारिंगी) एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला 3 च्या आसपास. लालचा अंबर सहज होतो. लालचा पांढरा करताना रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) बदलावा लागतो, आणि एकाच ओळीत तीन-चार जोडलेले असतील तर ते पेटतीलच याची खात्री नाही. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण हात मोबाइल दुरुस्तीवाल्याचाच हवा. वॉरंटीतली गाडी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

आता रंग. दुकानदार निळा पुढे करेल, शोरूमच्या उजेडात तो दिसतोही झकास. पण रात्री ठाण्याच्या घोडबंदर रोडवर समोरून हेडलाइट येत असताना निळा-पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो. लाल किंवा अंबर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कमी त्रास देतात. मी अंबर घेईन, आणि तोही मंद. फक्त ते काम करताना शेजारच्या ऑइल, ब्रेक, इंजिनच्या इशाऱ्याच्या दिव्यांचे रंग कोणालाही बदलू देऊ नका.