नवे कोळसा संच की सौर वाहिनी? पाठिंब्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी

विदर्भात औष्णिक केंद्रांच्या आसपास असलेल्या गावांपुढे हल्ली दोन प्रस्ताव मागेपुढे येत आहेत. कोळशावर चालणाऱ्या नव्या संचांना ग्रामसभेने पाठिंबा द्यावा, असा एक. आणि शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शेतकऱ्यांनी जमीन भाड्याने द्यावी, असा दुसरा. तत्त्वतः दोन्हींना होकार देता येतो, परंतु वीज उपकेंद्राजवळची पडीक जमीन मर्यादित असते आणि गावाची उमेदही मर्यादितच असते. आमच्या घराने या दोन्हींचा अनुभव घेतला आहे.

कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांना अडाणी समजणे योग्य नाही. संच उभा राहत असताना पाच-सहा वर्षे गावात पैसा फिरतो: खोल्या भाड्याने जातात, कुणाचा हायवा (टिपर ट्रक) लागतो, कुणाला कंत्राटदाराकडे काम मिळते. शिवाय सूर्य मावळल्यावर सौर पॅनेल थंड पडतात, हेही खरेच. कोराडीला ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली तेव्हा विरोधाबरोबर समर्थनही झाले, त्यामागे रोजगाराचीच अपेक्षा होती. मात्र जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तेथे म्हणणे नोंदवले जाते आणि मंजुरीचा निर्णय दिल्लीत होतो, एवढे ध्यानात असावे.

राखडीविषयी फार लिहीत नाही, कारण केंद्राजवळ राहणाऱ्यांना ती सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या कोळशात साधारण एक तृतीयांश राख निघते, आणि २०२२ च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटल्यावर ती कुठवर पसरते हेही दिसले.

माझा कौल मात्र राखडीने नव्हे, प्रकल्पग्रस्त दाखल्याने ठरवला. जुन्या विस्ताराच्या वेळी वडिलांची आठ एकर जमीन गेली. मोबदला आला आणि दोन लग्नांत व एका घरात संपला. उरला तो दाखला, जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरीत प्राधान्य देणारा. भाऊ तीन आणि दाखला एक. तो थोरल्याच्या नावे निघाला, आणि मग प्रतीक्षायादी, पडताळणी, ‘पुढच्या आठवड्यात या’ असे करता करता त्याची वयोमर्यादा उलटून गेली. पुढे तो पुतण्याच्या नावे करायचे ठरले, तेव्हा सगळ्या भावांचे प्रतिज्ञापत्र लागले आणि मधल्याने दोन वर्षे सही दिली नाही. त्याचेही चुकले असे म्हणवत नाही, कारण त्यालाही मुलगा आहे. त्या दोन हिवाळ्यांत आमच्या वावरात हुरडा दोन वेगवेगळ्या धुऱ्यांवर भाजला गेला.

सौर योजनेत असे काही नाही, असा माझा दावा नाही. पॅनेल बसून झाल्यावर गवत कापणारे आणि पॅनेल धुणारे सोडल्यास रोजगार जवळजवळ नाहीच. पहिल्या वर्षी आमचे भाडे उशिरा आले आणि त्यासाठी चार चकरा माराव्या लागल्या. पण हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, हा हिशेब तीन भावांत सरळ भागतो. सामाईक सातबाऱ्यावरचे मुरमाड तीन एकर आम्ही दिले. मालकी आमचीच राहिली. ज्या भावाने प्रतिज्ञापत्र दोन वर्षे अडवले होते, त्याने भाडेकराराची सही एका सकाळी केली. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळणारे पंधरा लाख आणि ओलितासाठी दिवसा मिळणारी वीज हे वेगळेच. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणाऱ्यास त्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्यांच्याकडे देण्याजोगी जमीनच नाही आणि घरात आयटीआय झालेला तरुण आहे, त्यांचे गणित वेगळे निघू शकेल. त्यांनी पाठिंबा जरूर द्यावा, मात्र स्थानिकांना किती जागा, कायम की कंत्राटी, हे जनसुनावणीच्या इतिवृत्तात लेखी घ्यावे. सौर करार करणाऱ्यांनी मुदत संपल्यावर पॅनेल कोण काढणार हे कलम आधी वाचावे.

आमच्या ग्रामसभेत मी विरोधात बोललो नाही, पण पाठिंब्याच्या ठरावावर सहीही केली नाही. पुतण्याने केली, त्याचे नाव अजून यादीत आहे.