दादाच्या नावाचा बुद्धिबळ संच: अमृतसरचा शिसम-बॉक्सवूड गोव्याच्या हवेत

बुद्धिबळात जीव रमलेला भाऊ गेला की घरच्यांना त्याच्या नावाने काहीतरी करावंसं वाटतं. मग स्मृती चषक स्पर्धा ठरते, नाहीतर गावच्या वाचनालयाला संच भेट द्यायचा विचार होतो. दोन्हींसाठी आमची शिफारस एकच आहे: अमृतसरच्या कारागिरांनी घडवलेला स्टॉन्टन घाटाचा (स्पर्धांमध्ये चालतो तो नेहमीचा घाट), शिसम आणि बॉक्सवूड या फिकट पिवळसर लाकडाचा, तळाशी वजन भरलेला संच. संगमरवरी किंवा पितळी संच कपाटात छान दिसतो, पण त्यावर कोणी डाव मांडत नाही. ज्याचे हात जन्मभर सोंगट्यांवर फिरले, त्याची आठवण दुसऱ्यांच्या हाताखाली राहायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मापं आधी बघा. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या निकषांत राजाची उंची सुमारे 95 मिलिमीटर, त्याच्या तळाचा व्यास उंचीच्या 40 ते 50 टक्के आणि पटाचं घर 50 ते 60 मिलिमीटर आहे. 55 मिलिमीटरचं घर घेतलं की खेळाची जागा 44 बाय 44 सेंटिमीटर होते. मोजपट्टी जवळ नसली तर एका घरात चार प्यादी ठेवा. जेमतेम मावली तर पट आणि सोंगट्या जुळतात. दोन वजीर जादा मागा, म्हणजे एकूण 34 नग. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर करता येतो; तेव्हा उलटा हत्ती ठेवून त्याला वजीर म्हणणं स्पर्धेत चालत नाही, पंच तो हत्तीच धरतो.

शिसमच का? त्याचा तपकिरी रंग मूळ लाकडाचा असतो. बाजारात काळ्या सोंगट्या म्हणून मिळतात त्या पुष्कळदा रंग दिलेलं बॉक्सवूड असतं. मे महिन्यात घामेजल्या हातांनी चार तास खेळलं की तो रंग बोटांना लागतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने तळाजवळ घासून बघा, लगेच कळेल. खरा एबनी, म्हणजे काळं आबनूस लाकूड, देखणा आणि जड असतो, पण पावसाळ्याच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या खोलीत नेला की त्याला चिरा पडण्याची भीती जास्त. ‘गोल्डन रोजवूड’ हे नाव वाचून भुलू नका, ते बाभळीच्या कुळातलं लाकूड असतं. खेळायला काही वाईट नाही, फक्त शिसमचे पैसे देऊ नका. बॉक्सवूड वर्षागणिक मधासारखं पिवळसर होत जातं. तो दोष समजू नये.

आता वजन, कारण आपल्याकडे संच बिघडतो तो बहुधा इथेच. तळाला भोक पाडून त्यात धातूचा तुकडा बसवतात, वर भराव घालतात आणि फेल्ट (जाड मऊ कापड) चिकटवतात. भराव आकसला की सोंगटी हलवताना आत खुळखुळ वाजते. तुकडा लोखंडी असेल तर किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत गंजतो, गंज फुगतो आणि तळ उभा तडकतो. म्हणून घेतानाच प्रत्येक सोंगटी कानाजवळ हलवून ऐका. राजा थोडा कलंडवून सोडला तर तो आपोआप सरळ उभा राहिला पाहिजे. खुळखुळ नंतर सुरू झाली तरी घरी दुरुस्त होते: फेल्ट सावकाश सोडवा, सैल भराव खरवडून काढा, तुकडा पुसून कोरडा करा, एपॉक्सीने बसवा, चोवीस तास थांबा आणि मग नवं फेल्ट लावा. फेल्ट तळापेक्षा एक मिलिमीटर आत कापायचं, नाहीतर कड उचलते आणि तिथूनच बुरशी धरते.

संचाची किंमत मुख्यतः घोडा ठरवतो. बाकीच्या सोंगट्या लेथवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर निघतात, घोडा हाताने कोरावा लागतो. चारही घोडे ओळीने ठेवून कान, आयाळ, जबडा पाहा. फार बारीक कोरलेले टोकदार कान वाचनालयात टिकणार नाहीत, मुलं घोडा डोक्याला धरूनच उचलतात.

पट घडीचा नको. घडीची रेघ बरोबर चौथ्या-पाचव्या ओळीच्या मध्ये येते, म्हणजे ऐन डावाच्या गर्दीत, आणि बिजागरी सैल झाली की तिथेच उंचवटा होतो. प्लायवूडवर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेला अखंड पट चांगला. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) कडेला एकदा पाणी लागलं की ती फुगते ती फुगतेच. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा सोंगट्या बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात मात्र नको.

स्पर्धा भरवणार असाल तर हा संच फक्त पहिल्या पटावर मांडा. बाकी पटांना प्लास्टिकचे वजनदार संच आणि गुंडाळता येणारे पट पुरतात. 2025 चा विश्वचषक गोव्यातच झाला. तिथले पट पाहून सगळे संच लाकडीच घ्यावेत असा मोह होईल, पण त्या पैशांत घड्याळं जास्त येतील आणि मुलांना ती हवी असतात.

नाव पितळी पट्टीवर कोरून पेटीच्या झाकणावर आतून लावा. पटाच्या दर्शनी चौकटीवर नको, खेळणाऱ्याची नजर अडखळते. झाकणाच्या आत दादाचा एखादा चांगला डावही छापून लावावा, असा आमचा आग्रह आहे. स्पर्धेतल्या नोंदपत्रिकेची खेळाडूकडची प्रत बऱ्याचदा कार्बनची असते आणि ती फिकट होत जाते. तिचा फोटो आधी काढा, मग चाली पटावर एकेक करून तपासा. घाईत एखादी चाल चुकीची लिहिलेली असते.

दादाचा जुना संच घरात असेल तर नवा घेण्याआधी तो मोजा. प्यादं किंवा हत्ती हरवला असेल तर लेथवर काम करणारा कारागीर जोडीची सोंगटी पाहून नवी काढून देतो. सावंतवाडीला किंवा गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांकडे (लाकूड कातून लाखेने रंगवणाऱ्या कारागिरांकडे) विचारा. लाखेचा चकचकीत रंग देऊ नका म्हणून आधीच सांगा. घोडा मात्र असा जमत नाही. एकच घोडा नसेल, तर त्याच मापाच्या चारही घोड्यांचा वेगळा जोड अमृतसरच्या विक्रेत्याकडून मागवा आणि दादाचे उरलेले तीन पेटीतच राहू द्या.