दार-ए-सलाममधील मुक्काम: पाहुणचार मनापासून, वेळेचा मात्र घोळ

व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला टांझानियाचा कापूसपट्टा आहे. तेथील म्वांझा शहराजवळ जिनिंगची यंत्रे बसविण्याच्या कामासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाहून निघालो आणि वाटेत दार-ए-सलामच्या किसुटू भागातील एका लहान अतिथिगृहात उतरलो. या भागात हिंदू मंदिरे असून शाकाहारी जेवणही सहज मिळते, म्हणून आपल्याकडच्या माणसाने मुक्कामासाठी हाच भाग निवडावा.

दारात पाऊल टाकताच तेथील बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि "पोले क्वा सफारी", म्हणजे प्रवासाचा शीण झाला असेल, असे त्या म्हणाल्या. पाहुण्याला आधी पाणी आणि मग चौकशी, ही आपल्या ओसरीवरची रीत परमुलखात पाहून मला भरून आले. खोली साधी पण स्वच्छ होती. मच्छरदाणीला एके ठिकाणी पडलेले छिद्र त्यांनी माझ्यादेखत दोऱ्याने शिवले. समुद्रकाठची हवा दमट असल्यामुळे आपला वाळ्याचा कूलर तेथे निरुपयोगी ठरतो, म्हणून एसीची खोली घेण्यात काटकसर करू नये. सॉकेट तीन चपट्या पिनांचे असते, तेव्हा अडॅप्टर सोबत असावा. न्याहारीला चपाती आणि घेवड्याची उसळ मिळाली. दुधाचा चहा हवा असल्यास "चाय या मझिवा" असे स्पष्ट सांगावे, नाहीतर कोरा चहा येतो.

तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. म्वांझाची बस पहाटे असल्याने मी चार वाजता गाडी सांगितली, आणि गाडी आली सकाळी दहाला. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहाच्या सुमारास उगवतो आणि तेथील स्वाहिली भाषेत दिवसाचे तास तेथूनच मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि दहा म्हणजे चार. रात्रीचे तास संध्याकाळी सहापासून मोजतात, म्हणून आपले पहाटेचे चार म्हणजे त्यांचे दहा. आपल्या पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो, त्यामुळे ही पद्धत मला मुळीच चुकीची वाटत नाही. परंतु रोज परदेशी पाहुणे उतरवून घेणाऱ्यांनी वेळ कोणत्या हिशेबाने सांगितली, एवढे विचारून घेणे त्यांचे कर्तव्यच होते. माझे तिकीट वाया गेले आणि म्वांझाला माझी वाट पाहणारे कारागीर दिवसभर खोळंबले.

बाईंनी चूक मान्य केली आणि त्या जादा रात्रीचे भाडे घेतले नाही. संध्याकाळी मी कागदावर "सा कुमी अल्फजिरी", म्हणजे पहाटेचे दहा, असे त्यांच्याच हातून लिहून घेतले आणि तो कागद चालकाला दाखविला. माझ्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटे असताना गाडी दारात उभी होती.